देवाने सांगितलं म्हणे

प्रमिलाबाईंची प्रार्थना ऐकायला माणसं वाट वाकडी करून यायची. म्हसावदच्या अलीकडे, रस्त्याला लागून असलेल्या त्या गावात शेवटच्या गल्लीत विश्वासी, म्हणजे ख्रिस्ती, मंडळींची थोडी घरं आहेत आणि त्यांच्या मधोमध पत्र्याचं एक प्रार्थनाघर. रविवारी शहाद्याहून पाळक रेवजी मोटारसायकलवर येतात. बुधवारी दुपारी बायकांची प्रार्थना असते आणि ती सगळी प्रमिलाबाईंच्या हातात होती. होती म्हणजे, आता नाही. ती कशी गेली, त्याचीच ही गोष्ट आहे.

बाई घरात, शेतात, बाजारात अहिराणीत बोलायच्या. भांडायच्याही अहिराणीतच, आणि भांडायला लागल्या की समोरच्याला पळता भुई थोडी व्हायची. पण डोक्यावर पदर घेऊन डोळे मिटले की त्यांच्या जिभेवर एकदम शुद्ध मराठी उतरायची. लहानपणी मिशनच्या वसतिगृहात राहिल्या होत्या, तिथली ती कमाई. ‘हे परमदयाळू स्वर्गीय पित्या’ अशी सुरुवात झाली की बायकांची चुळबुळ थांबायची. एकदा रेवजी गमतीने म्हणाले होते की तुमच्यानंतर प्रार्थना करायची मला भीतीच वाटते. रेवजी विसरले असतील, बाई विसरल्या नव्हत्या. त्यांचा नवरा सुकलाल कमी बोलणारा माणूस. देवाला एवढं मोठं मराठी समजत असेल का, असं त्याने एकदा जेवताना विचारलं. त्या दिवशी त्याच्या ताटात भाजी पडली नाही.

बुधवारी आधी विनंत्या व्हायच्या. एकेक बाई आपलं गाऱ्हाणं सांगायची. कोणाचा गुडघा धरलेला असायचा, कोणाच्या मुलाची पोलीस भरती असायची, कोणाच्या बोअरला पाणी लागलेलं नसायचं. बाई ते सगळं मनात गोळा करायच्या आणि एकाच लांबलचक प्रार्थनेत, कोणालाही न विसरता, देवापुढे मांडायच्या. यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यात एक विनंती कायमची होती आणि ती भुरीबाईची. तिच्या योगेंद्रला एक मुलगा व्हावा.

भुरीबाई विधवा होती आणि योगेंद्र तिचा एकुलता एक. सून चेतना, आणि दोन नाती. थोरली संध्या नुकती शाळेत जायला लागलेली, धाकटी अजून कडेवरची. भुरीबाई काही कजाग सासू नव्हती. नातींवर तिचा जीव होता, दुधावरची साय काढून ती संध्याच्या भाकरीवर घालायची. पण नातू देव देणारच, असं तिने ठरवून टाकलं होतं, आणि देवाचं ठरायचं तेवढं बाकी होतं. दर बुधवारी ती हे मागायची, बाई ते सुंदर शब्दांत वर पोचवायच्या आणि सगळ्याजणी जोरात ‘आमेन’ म्हणायच्या. चेतना कोपऱ्यात धाकटीला मांडीवर घेऊन खाली मान घालून बसलेली असायची. लाजते, असं सगळ्यांना वाटायचं.

एकदा एका मोठ्या शेतकऱ्याच्या वावरात कापूस वेचायला सगळ्याजणी गेल्या होत्या. बाकीच्या पुढच्या ओळीला लागल्या आणि चेतना मुद्दाम प्रमिलाबाईंच्या मागे रेंगाळली.  मग कमरेच्या ओटीतला कापूस उगाच चाचपत ती म्हणाली, “मावशी, मन्हं ऑपरेशन व्हयेल शे.”

धाकटीच्या वेळी फार रक्त गेलं होतं. शहाद्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिसरं नकोच म्हणून बजावलं. मूल बंद करायच्या कागदावर योगेंद्रने सही केली आणि दोघांनी मिळून म्हातारीला अशक्तपणाचं कारण सांगितलं. पुढे सांगू, पुढे सांगू म्हणत ते राहूनच गेलं. आता दर बुधवारी सगळी मंडळी डोळे मिटून तिच्यासाठी मुलगा मागते आणि ती तिथे बसून ‘आमेन’ म्हणते. देवाच्या तोंडावर खोटं बोलल्यासारखं वाटतं, असं ती म्हणाली. तिचं मागणं एवढंच होतं की मावशींनी कसंही करून ती विनंती हळूहळू बंद पाडावी. सासूबाईंचं मन मुलींकडे वळवावं. आणि हे कोणाला सांगू नये.

बाईंना तिची फार दया आली, आणि ती खरी होती. बोंडांनी ओरखडलेला हात त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला. “हाई गोट मन्हा पोटमाच ऱ्हाई,” त्या म्हणाल्या.

आणि ती राहिली. सुकलालला सांगितली नाही, शेजारच्या वत्सलाबाईला सांगितली नाही, जिला सांगितलं नाही असं काही आजवर घडलं नव्हतं. पण त्या दिवसांत बाई जरा ताठ चालायच्या, हेही खरं. एवढ्या बायकांतून पोरीने विश्वास टाकला तो आपल्यावर, हे त्यांना आतून गोड लागत होतं. वत्सलाबाई काही बोलायला लागली की बाई मनात म्हणायच्या, तुला काय ठाऊक आहे.

मग तो बुधवार आला. रेवजी दुसऱ्या कामाने गावात आले होते, तेही येऊन मागच्या सतरंजीवर बसले. भुरीबाईच्या नणंदेला नुकताच नातू झाला होता, त्यामुळे विनंती सांगताना म्हातारीला रडू आवरेना. बाईंनी ठरवलं होतं की आज मुलाचं नावच काढायचं नाही, दोन मुलींबद्दल उपकार मानायचे आणि पुढे सरकायचं. प्रार्थना सुरू झाली. गुडघा झाला, भरती झाली, बोअर झाली. शब्द त्या दिवशी असे काही चालून येत होते की बाईंच्या स्वतःच्याच अंगावर काटा आला. मागून रेवजींचं ‘होय प्रभू’ ऐकू येत होतं. भुरीबाईच्या हुंदक्यापाशी बाई आल्या आणि त्यांच्या तोंडून निघालं, “हे सर्वसमर्थ पित्या, मनुष्य जे बंद करतो ते तू उघडतोस. तुझी दासी चेतना, हिचं जे शहाद्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बंद केलं, ते उघडणं तुला काय अवघड आहे, प्रभू!”

‘होय प्रभू’ आलं नाही. कुठूनच आलं नाही. पत्र्यावर एक कावळा चालत होता तेवढाच आवाज होता. बाईंनी कसंबसं बोअरचं पुन्हा एकदा मागून ‘आमेन’ म्हटलं आणि डोळे उघडले.

चेतना सतरंजीकडे बघत होती. भुरीबाई चेतनाकडे बघत होती. डॉक्टरांनी काय बंद केलं, असं भुरीबाईने विचारलं, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं. चेतनाला तेव्हा खोटं बोलता आलं असतं. ती बोलली नाही. आहे ते तिने सगळ्यांदेखत सांगून टाकलं.

आता बायका आपल्याकडे वळतील, हिला कसं कळलं म्हणून विचारतील, अशी प्रमिलाबाईंना भीती वाटली. पण झालं भलतंच. वत्सलाबाईने दोन्ही हात छातीशी धरले आणि म्हणाली, “हाई देवनंच बोलनं शे. प्रमिलाबाईले दुसरं कोन सांगी?”

रेवजींनी डोळे मिटून मान हलवली. गुप्त ते प्रभूने उघड केलं, असं काहीतरी ते म्हणाले. बायकांच्या तोंडून एक हुंकार निघाला. बाईंनी बोलायला तोंड उघडलं, अगदी खरंच उघडलं. तेवढ्यात चेतनाने पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं. रागाने नाही, वाट बघावी तसं बघितलं. आणि बाईंनी तोंड मिटलं आणि मान खाली घातली. लोकांना त्यातही नम्रपणा दिसला.

भुरीबाईने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, पण ती घाबरली होती. नुसतं माझ्यापासूनच लपवलं असतंस तर मी चार दिवस रुसले असते, ती सुनेला म्हणाली, पण तू देवापासून लपवलंस आणि देवाने भर सभेत बोलून दाखवलं. आता तो क्षमा करतो की काय करतो ते कळेपर्यंत तुला छपराखाली ठेवायची मला भीती वाटते. पोरींना घेऊन थोडे दिवस माहेरी जा. योगेंद्र मोटारसायकलला टेकून उभा होता. सही मी केली, एवढे तीन शब्द त्याच्या घशातून वर आले नाहीत. त्यानेच बायकोला आणि पोरींना डोंगराच्या पायथ्याशी तिच्या माहेरी नेऊन सोडलं, आणि संध्याकाळी परत येऊन निमूट जेवला. प्रमिलाबाईंना हे सुकलालने सांगितलं. योगेंद्रला नावं ठेवायला त्यांनी तोंड उघडलं आणि आपण कोण लागून गेलो, असं वाटून त्या गप्प बसल्या.

इकडे बाईंचा भाव चढला. गल्लीतून चालताना बायका बाजूला सरून वाट द्यायला लागल्या. ज्या बोलायच्या त्या नीट, जपून बोलायच्या, कारण या बाईला काय दिसत असेल कोणास ठाऊक. एक दिवस म्हसावदहून तुळशीबाई नावाची कोणी बाई केळ्यांची फणी घेऊन आली. तिच्या घरातून सोन्याची पोत गेली होती आणि ती कोणी नेली ते देवाला विचारायचं होतं. असं काही नसतं, माझ्याकडे असलं काही नाही, एवढंच तर सांगायचं होतं. बाईंनी ते सांगितलं नाही. देव सगळं जाणतो असं म्हणून त्यांनी भली मोठी प्रार्थना केली आणि काही ऐकू येत असल्यासारखं मध्ये मध्ये थांबल्या. त्या थांबण्याची पुढे त्यांना इतकी लाज वाटली की ते आठवलं की त्या चुलीपुढून उठून उगाच अंगणात जायच्या. तुळशीबाईला धाकट्या जावेचा संशय होताच, तो पक्का करून ती गेली.

केळी तशीच पडून राहिली. सुकलालने एक सोलून खाल्लं आणि विचारलं, देवाने सांगितलं का मग? त्याने टोमणा मारला होता की खरंच विचारलं होतं, ते त्याच्या तोंडावरून कधीच कळायचं नाही.

त्यानंतर बाईंची प्रार्थनाच आटली. घरात जेवायच्या आधी त्या प्रार्थना करायच्या, असा नेम होता. आता डोळे मिटले की ‘हे परमदयाळू’ इथवर यायचं आणि पुढे काही यायचं नाही. यायचं ते चेतनाचं वाट बघणं. एकदा ताटं वाढून झाली आणि बाई तशाच बसून राहिल्या. भाकरी निवायला लागली. शेवटी सुकलालने डोळे मिटले. “बाप, भाकर दिन्ही. तुन्हा उपकार,” तो म्हणाला आणि जेवायला लागला. इतकी वर्षं आपण या माणसाला एकदाही प्रार्थना करू दिली नव्हती, हे बाईंना तेव्हा कळलं. त्या घासाबरोबर त्यांना रडू आलं, तर तिखट लागलं म्हणाल्या.

नाताळ जवळ आला तसे रेवजी पुन्हा आले. लोणखेड्याला मोठा मेळावा होता, मांडव पडणार होता, नंदुरबारहून माणसं येणार होती. तिथे प्रमिलाबाईंनी साक्ष द्यायची, प्रभू त्यांच्याशी कसा बोलला ते सांगायचं. बाई ‘बघू’ म्हणाल्या. रेवजी हसले आणि म्हणाले की नाव तर मी देऊन टाकलंय. आजवर बाई फक्त गप्प बसल्या होत्या. आता उभं राहून तोंडाने खोटं बोलायची वेळ आली होती, तेही देवाचं नाव घेऊन.

दुसऱ्या दिवशी सुकलालला फक्त येते म्हणून सांगून त्या म्हसावदच्या एसटीत बसल्या. तिथून पुढे जीप. चेतनाचं माहेर सातपुड्याच्या पायथ्याला, कुडाच्या भिंतींचं घर, मागे मक्याची ताटं रचलेली. तिचे वडील दलसिंग विश्वासी नव्हते. आपले देव, आपला डोंगर, आपली शेती, यात ते सुखी होते. मुलगी तिकडच्या देवाला मानते म्हणून त्यांनी कधी कुरकुर केली नव्हती. त्यांनी अंगणात खाट टाकली, लोट्याने पाणी दिलं. मग आपल्या पावरी बोलीत थोडी मराठी मिसळून सावकाश बोलत राहिले. आमचा बडवा, तुमच्याकडे भगत म्हणतात तो, तोही असंच घरातलं लपलेलं सांगतो, ते म्हणाले. पण त्याला आधी कोणीतरी जाऊन सांगून ठेवलेलं असतं, हे आम्हाला माहीत असतं, तोही ते लपवत नाही, कोंबडं घेतो आणि जातो. तुमच्या देवाला कोणी सांगितलं, तेवढं मला कळलं नाही. त्यांच्या बोलण्यात कसलीच खोच नव्हती. बाईंनी लोटा तोंडाला लावला तो लवकर खाली घेतला नाही.

चेतना घरामागे मक्याची कणसं सोलत होती. मावशीला बघून ती उठली, हात पुसले आणि वाकून नमस्कार केला. तो नमस्कार बाईंना सहन झाला नाही. त्या मटकन खाली बसल्या. चुकलं, जीभ घसरली, मुद्दाम नाही केलं, असं काय काय त्या बोलल्या.

“जीभ घसरनी, ते माले समजनं,” चेतना म्हणाली. “पन मंग तुम्ही चुप का बठनात, मावशी?”

बाईंकडे उत्तर होतं, पण ते त्या पोरीसमोर सांगण्यासारखं नव्हतं. तू का नाही सांगितलंस, असं उलट त्यांनीच विचारलं. चेतना म्हणाली की देवाने सांगितलं म्हटल्यावर माझं कोण ऐकणार होतं. आणि मी सांगितलं असतं तर तुम्हाला सगळ्यांनी खोटारडी म्हटलं असतं. मला वाटलं, तुम्हीच सांगाल. पहिल्या दिवशी वाटलं, मग दुसऱ्या दिवशी वाटलं.

मग बाईंनीही एक कणीस सोलायला हातात घेतलं. ऑपरेशनचं मला दुःख नाही, चेतना म्हणाली. सासूबाई आज ना उद्या निवतील. पण या पोरीचं काय करू ते समजत नाही. घराच्या कुडाआडून संध्या बघत होती. एरवी प्रार्थनाघरात आजी, आजी करत बाईंच्या पदराला लोंबकळणारी पोर, आज पुढे आली नाही.

“संध्या झोपतांना प्रार्थना करत नही आते,” चेतना म्हणाली. “म्हणस, देवले सांगं का तो समदासले सांगी देस.”

बाईंच्या हातातलं कणीस तसंच राहिलं. पोरीला हाक मारावी, जवळ घ्यावं आणि खरं काय ते सांगावं, असं त्यांना वाटलं. त्यांनी हाकही मारली. संध्या दोन पावलं पुढे आली, बाईंच्या तोंडाकडे बघितलं आणि वळून पळाली. तिच्या मागे जायचं धैर्य बाईंना झालं नाही. परतीच्या जीपमध्ये कोणी ओळखीचं नव्हतं. साठीला आलेली बाई पदरात तोंड खुपसून रडते आहे हे बघून ड्रायव्हरने गाणी बंद केली.

पुढच्या बुधवारी प्रार्थनाघर गच्च भरलं होतं. नाताळचं ठरवायला रेवजीही आले होते. विनंत्या झाल्या. भुरीबाईने या वेळी काहीच मागितलं नाही, ती नुसती बसून होती, अंगाने उतरलेली. मग सगळ्यांनी डोळे मिटले आणि प्रमिलाबाईंच्या आवाजाची वाट बघू लागले. बाईंनी डोळे मिटले नाहीत. त्या उभ्या राहिल्या.

“माले देवनी काहीच सांगं नही,” त्या म्हणाल्या. “चेतनानी सांगं. कापूस येचतांना. मी तिले शब्द देयेल व्हता.”

बायकांनी डोळे उघडले. या जागी बाईंना अहिराणीत बोलताना कोणी ऐकलं नव्हतं, त्यामुळे आधी शब्दच कोणाच्या कानात शिरले नाहीत. मग वत्सलाबाईने गहिवरून शेजारणीला सांगितलं की बघा, एवढं मोठं दान मिळालं तरी किती नम्र. रेवजीही समजुतीने हसले आणि म्हणाले, प्रभू कोणाच्या का मुखाने होईना, शेवटी तोच बोलतो, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

बाईंना वाटलं, हे आयतं दार आहे. यातून बाहेर पडलं तर खरंही बोलल्यासारखं होईल आणि मानही राहील. कोणाचंच काही बिघडणार नाही, चेतनाचं सोडून. मोह झाला, हे कबूल करायला हवं. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी सुकलाललाही सांगितलेलं नव्हतं. त्या दिवशी ते वाक्य तोंडातून पडायच्या आधी अर्धा श्वास मला कळलं होतं, त्या म्हणाल्या. आता हे बाहेर जातंय, थांब, असं आतून कोणीतरी म्हणालं होतं. तो देव असेल तर तेवढंच तो माझ्याशी बोलला. पण वाक्य फार छान जमलं होतं. पाळक मागे बसले होते. मला ते गिळवलं नाही. आणि म्हसावदची तुळशीबाई आली, तिच्यापुढेही मी देव बोलतोय असं सोंग केलं. लोणखेड्याला साक्ष द्यायला मी येणार नाही.

आता मात्र कोणाला नम्रपणा दिसला नाही. एका बाईने पदर तोंडाला लावला, ती हसते की काय ते कळलं नाही. वत्सलाबाईचा चेहरा फसवणूक झालेल्या गिऱ्हाइकासारखा झाला. रेवजी हातातल्या कागदाकडे बघत राहिले. बाईंना वाटत होतं की सांगितलं म्हणजे हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. आता बसायचं कुठे ते कळेना, कारण आपल्या नेहमीच्या जागी, सगळ्यांच्या समोर, तोंड करून बसणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. त्या मागे जाऊन दाराजवळ चपलांपाशी बसल्या.

तेव्हा भुरीबाई उठली. ती मागे आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

“मंग देव तिन्हावर रागे नही?”

“रागे व्हई ते मन्हावर व्हई,” प्रमिलाबाई म्हणाल्या.

 भुरीबाईच्या चेहऱ्यावरचा इतक्या दिवसांचा धाक उतरत गेला आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी आलं. “तुले सांगं तिनी,” ती म्हणाली, “मंग माले का नही सांगं?”  दर बुधवारी आपण काय मागत होतो आणि कोपऱ्यात कोण बसलेलं असायचं, हे तिला आठवत असावं. घरी जाऊन तिने योगेंद्रला काय विचारलं ते गल्लीत कोणाला ऐकू आलं नाही, पण सही त्याने केली होती हे दिवेलागणीपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. या वेळी ते त्याने स्वतःच सांगितलं होतं.

सकाळी भुरीबाई सुनेला आणायला निघाली तेव्हा प्रमिलाबाई स्टॉपवर आधीच उभ्या होत्या. या म्हणून म्हातारी म्हणाली नाही, येऊ नका असंही म्हणाली नाही. एसटीत ती खिडकीशी बसली, जीपमध्ये पुढे, आणि पूर्ण वाटेत बाईंशी एक अक्षर बोलली नाही. बाईंनी तिची पिशवी धरली, तेवढी तिने धरू दिली.

माहेरी फार बोलणं झालं नाही. दलसिंगांनी खाट टाकली, पाणी दिलं. भुरीबाईने धाकटीला उचलून कडेवर घेतलं आणि तिचं डोकं हुंगत बराच वेळ तशीच उभी राहिली. मग चेतनाच्या पाठीवर हात ठेवून घरी चल म्हणाली. चेतना गाठोडं बांधायला आत गेली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. बाईंकडे तिने बघितलं आणि मान हलवली. त्याला माफी म्हणायचं की नुसती दखल म्हणायची, ते बाईंनी ठरवायचा प्रयत्न केला नाही.

संध्या कुडाला पाठ लावून उभी होती. बाई तिच्यापुढे उकिडव्या बसल्या. सभेत उभं राहताना इतकी भीती वाटली नव्हती.

“संध्या, देवनी कोनलेच काही सांगं नही,” त्या म्हणाल्या. “तुन्ही मायनी माले सांगं व्हतं, आनि मी समदासले सांगी दिन्हं. देव चुप व्हता. मीच बोलनू.”

पोरीने ते ऐकून घेतलं. पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत तिने बराच विचार केला. बाईंना वाटलं, आता ती पुन्हा पळेल. ती पळाली नाही.

“मंग मी देवलेच सांगसू,” संध्या म्हणाली. “तुले नही.”

“हां,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “माले नको सांगू.”

मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि भुरीबाईची पिशवी उचलायला गेल्या.